बर्फावरील हॉकी आणि घरचे प्रेक्षक

हॉकी म्हटलें कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें उन्हांतलें मैदान आणि पांढरा चेंडू उभा राहतो. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील विद्यार्थ्याला त्याच शब्दानें बर्फ आठवतो. दोनशें फूट लांब व पंचाऐंशी फूट रुंद अशा गोठविलेल्या रिंगणांत, पायांत पोलादी पात्यांचे जोडे चढवून, प्रत्येक बाजूचे सहा गडी रबराच्या एका चकतीमागें धांवत असतात. चकतीचा वेग असा कीं नवख्या प्रेक्षकाला ती पहिल्या दिवशीं बहुधा दिसतच नाहीं. गोल झाल्याची बातमी त्याला शेजाऱ्याच्या आरोळीवरूनच कळते! आज अनेक मराठी घरांतील मुलें तिकडील विद्यापीठांत शिकत आहेत. तेव्हां हा खेळ आपल्याला अगदींच परका राहिलेला नाहीं.

न्यूयॉर्क राज्यांत इथाका नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील कॉर्नेल विद्यापीठाचें ‘लायना रिंक’ हें रिंगण १९५७ सालीं उघडलें. त्यांत सुमारें ४,२०० माणसें बसतात. मोठ्या शहरांच्या मानानें ही संख्या कांहींच नव्हे. परंतु तेथील विद्यार्थ्यांच्या आवाजाचा पाहुण्या संघांना धाक वाटतो. पाहुण्या गड्यांचीं नांवें पुकारूं लागले कीं हे विद्यार्थी वर्तमानपत्रें उघडून तोंडासमोर धरतात. आम्हांस तुमच्यांत काडीचेंहि स्वारस्य नाहीं, असा त्याचा अर्थ! हार्वर्डचा संघ आला म्हणजे बर्फावर मेलेले मासे फेंकण्याची चाल आहे. ती सभ्य आहे असें मात्र कोणी म्हणणार नाहीं. याच रिंगणाच्या संघानें १९६७ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि १९७० सालीं तर एकूण एकोणतीस सामने खेळून एकोणतीसहि जिंकले. असा निष्कलंक हंगाम पुरुषांच्या पहिल्या श्रेणींतील दुसऱ्या कोणत्याहि राष्ट्रीय विजेत्याला साधलेला नाहीं.

तरीहि हिंवाळ्याभर गर्दी करणारा विद्यार्थी मार्च महिन्यांत, म्हणजे जेव्हां खरा कस लागतो तेव्हां, घरीं बसण्याचा संभव असतो. चाचणी परीक्षा जवळ आलेल्या असतात. शिवाय मनांत एक हिशेब असतो: आपला संघ पुढें जाईलच, मग एकदम अंतिम सामन्यालाच जाऊं. हा हिशेब फसवा आहे.

कॉर्नेल ज्या ‘ई. सी. ए. सी.’ संघटनेंत खेळतें तींत बारा कॉलेजें आहेत. हंगामांतील गुणांवरून क्रम लागतो. पहिल्या चौघांना बाद पद्धतीची पहिली फेरी माफ असते आणि दुसरी फेरी आपल्याच घरीं खेळावयास मिळते. तींत तीनांपैकीं दोन सामने जिंकावे लागतात. घरचें रिंगण ही कोणी दिलेली देणगी नव्हे. महिनोन्महिने दूरच्या गांवीं बसनें जाऊन, थकून-भागून मिळविलेलें तें वेतन आहे. तें रिकाम्या बांकांपुढें चुकतें करावयाचें काय?

उपान्त्य व अंतिम सामने २०१४ सालापासून लेक प्लॅसिड येथें होतात. तें गांव इथाकाहून मोटारीनें चार तासांहून अधिक दूर; शिवाय तेथवर पोंचण्याची शाश्वती कोणी द्यावी? २०१० नंतर कॉर्नेलला हें अजिंक्यपद पुन्हां मिळावयास २०२४ साल उजाडावें लागलें. राष्ट्रीय स्पर्धेंत तर सोळा संघांचे पहिले सामने बहुधा परक्या, तटस्थ ठिकाणीं होतात, आणि तेथील ओस पडलेल्या खुर्च्यांची तक्रार वर्षांनुवर्षें चालू आहे.

कॉर्नेल, येल, हार्वर्ड वगैरे विद्यापीठें खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत. बर्फावर धडपडणारा तरुण सकाळीं त्याच वर्गांत शेजारच्या बांकावर बसलेला असतो. चौथ्या वर्षाच्या गड्याला तर हरलेला सामना कदाचित् आयुष्यांतील शेवटचा गंभीर सामना ठरतो.

बरोबरी झाल्यास अशा सामन्यांत सुटका नसते; पुढील गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे नवे डाव चालूच राहतात. २००६ सालीं याच संघटनेच्या स्पर्धेंत येल व युनियन यांचा सामना पांचव्या जादा डावापर्यंत लांबला. मध्यरात्र उलटून गेल्यावर येलनें तो ३–२ असा जिंकला. जे प्रेक्षक कंटाळून आधींच निघून गेले असतील त्यांची कींव करावी तेवढी थोडी.

विद्यार्थिनींचा संघहि याच रिंगणांत खेळतो, त्यांची दुसरी फेरीहि तशीच तीन सामन्यांची असते, आणि त्यांच्या वेळीं जागा तर सहज मिळते. ती इतकी सहज मिळावी याचें मात्र वाईट वाटतें.

जाणाऱ्यानें लोंकरीचा कोट घ्यावा, कारण आंतहि गारठा असतो. आणि पहिल्या सामन्यापूर्वीं थोडें लौकर पोंचून वर्तमानपत्र बरोबर न्यावें. पुरुषांचे सामने शुक्रवारीं व शनिवारीं होतात. रविवारचा सामना दोघांनीं एकेक जिंकला तरच होतो. म्हणून ज्यानें रविवारचा बेत केला त्याच्या वांट्याला कुलूप लावलेलें दार येण्याचा संभव आहे.