अठराशेच्या कुर्त्यात माझे किती?

मागच्या दिवाळीत माहेरी गेले होते. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव, भावाची बारा एकर शेती, त्यातली आठ एकर कपाशी. भावाची मुलगी पुण्यात नोकरी करते. तीही आली होती आणि येताना एक नवा कुर्ता घेऊन आली होती. फिकट निळा, हाताला मऊ, गळ्याशी लाकडी बटणं. बाहीला पुठ्ठ्याचं लेबल अडकवलेलं, त्यावर हिरवं पान आणि शब्द छापलेला, 'निसर्गस्नेही'. किंमत अठराशे रुपये. मला म्हणाली, "आत्या, हा चांगला आहे ना गं?" मी तीस वर्षं वस्त्रशास्त्र शिकवलं, त्यामुळे साडीपासून सतरंजीपर्यंत सगळ्या खरेदीचा निकाल घरात माझ्याकडे येतो.

मी कुर्ता उलटा केला, शिवण पाहिली, आतली पट्टी वाचली. पट्टीवर लिहिलं होतं, 'बांबू, १०० टक्के'.

बांबू हे फार गुणी झाड. वर्षानुवर्षं वाढतं, पाणी कमी लागतं, फवारणी जवळजवळ नाही. पण बांबूला काही कापसासारखं बोंड येत नाही. त्याचा लगदा करायचा, तो रसायनांत विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून ढकलून त्याचा धागा काढायचा. त्याला आपण व्हिस्कोस किंवा रेयॉन म्हणतो. या कामात कार्बन डायसल्फाइड वापरतात. ते वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर कामगारांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे जुनं ज्ञान आहे. रेयॉनला सरसकट 'बांबूचं कापड' म्हणून विकल्याबद्दल २००९ साली अमेरिकेतल्या व्यापार आयोगानं काही विक्रेत्यांवर कारवाईही केली होती. बंद टाक्यांत, रसायन परत गोळा करून चांगला धागा काढणारे कारखाने आहेत, नाही असं नाही. पण हा कुर्ता त्यातला की दुसरा, हे त्या हिरव्या पानावरून कसं कळणार?

"म्हणजे कापूसच बरा," भाची म्हणाली.

तेव्हा इतका वेळ पेपर वाचत बसलेला माझा भाऊ म्हणाला, "ताई, बांबूचं राहू दे. हा कापसाचा असता, तर ह्या अठराशात माहे किती असते, ते सांग मले."

मी पेन घेऊन हिशेबाला बसले. तो तुम्हालाही सांगते. क्विंटलभर कापसातली सरकी काढली की साधारण ३४ किलो रुई उरते. पिंजताना, कातताना आणि बेतताना काही वाया जातं. हाती २६ किलो कापड आलं असं धरू. कुर्त्याला सव्वातीनशे ग्रॅम कापड लागतं, म्हणजे क्विंटलमागे ऐंशी कुर्ते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये. तेव्हा एका कुर्त्यामागे शेतकऱ्याला मिळाले चौऱ्याण्णव रुपये. त्यात सरकीचीही किंमत आली, आणि त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी जायची. हमीभाव मिळालाच तर, हे वेगळं सांगायला नको.

भावानं आकडा ऐकला आणि पुन्हा पेपर वाचायला लागला. मी मात्र आणखी एक भागाकार केला. कापसाचा भाव पाव पटीनं वाढवला, तर कुर्ता महाग होईल फक्त चोवीस रुपयांनी. दुकानदार 'निसर्गस्नेही' या शब्दाचे त्याहून कितीतरी जास्त घेतो.

फवारणीचं आमच्या घरात सहज बोललं जात नाही. २०१७ चा पावसाळा आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कपाशी पुरुषभर वाढली होती, अळी आवरत नव्हती, माणसं दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होती. झाड डोक्याइतकं उंच झालं की फवारा आपल्याच तोंडावर येतो. तोंडाला रुमाल, अंगात बनियन, एवढंच संरक्षण. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकडो रुग्णालयात होते. आमच्याकडे फवारायला येणारा गडी त्यातलाच. चार दिवस त्याला समोरचं माणूस दिसत नव्हतं. तो वाचला, पण पुन्हा पंप पाठीवर घेतला नाही.

आपल्याकडे कापसाचा विषय निघाला की पाण्याचा आकडा सांगितला जातो. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी. आकडा जगाच्या सरासरीचा आहे. विदर्भातली बहुतेक कपाशी कोरडवाहू, पावसावर येणारी. तिच्यासाठी कुणी कालवा आटवलेला नाही. आमच्या भागात कपड्याचं मोल पाण्यापेक्षा विषात मोजायला हवं, असं माझं मत आहे.

मग सेंद्रिय कापूस घ्यावा का? घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. शेत सेंद्रिय ठरायला दोन-तीन वर्षांचा रूपांतराचा काळ जातो. त्या काळात उतारा घटतो आणि माल मात्र साध्याच भावानं विकावा लागतो. बिगर-बीटी चांगलं बियाणं शोधावं लागतं. शेजारच्या शेतातलं औषध वाऱ्यानं येतं ते निराळंच. या कापडासाठी 'गॉट्स' नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. 'सेंद्रिय' असं पूर्ण नाव लावायचं तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय हवा. रंग, रसायनं, सांडपाणी आणि कामगारांच्या वागणुकीच्या अटीही त्यात आहेत. म्हणून नुसत्या 'ऑरगॅनिक' शब्दापेक्षा हे चिन्ह बरं. तरीही २०२० साली याच संस्थेनं जाहीर केलं की भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाची कागदपत्रं बनावट निघाली. चोरी झाली म्हणून कुलूप फेकून देऊ नये. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो, तो संस्थेच्या यादीत ताडून पाहता येतो. क्रमांकच नसेल तर ते चिन्ह म्हणजे रांगोळी.

कापूस झाला की रंग. जिथे रंगाईचे कारखाने, तिथल्या नदीला विचारावं. तिरुपूरची नोय्यल नदी इतकी नासली की २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. आपल्या इचलकरंजीच्या पंचगंगेची तक्रारही जुनीच आहे. वनस्पतींचे रंग चांगले. नीळ, मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल. पण ते उन्हात फिकटतात, सुरुवातीला थोडे सुटतात, आणि बहुतेकांना पक्के व्हायला तुरटीसारखं काही लागतंच. एका प्रदर्शनात 'शुद्ध वनस्पती रंग' म्हणून घेतलेली माझी ओढणी सहा धुण्यांत तसूभर फिकटली नाही, तेव्हाच मी काय ते समजले.

आणि शिवणारे हात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर गावी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या शिवणकारखान्यांतल्या बायकांना मात्र कामावर बोलावलं. अकराशेहून जास्त माणसं मेली. त्यांनी शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेत जायचे. तिथल्या गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर मोठ्या कंपन्यांना कारखान्यांच्या इमारती तपासून घेण्याचा करार करावा लागला, काहींनी आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर केल्या. दुकानात विचारून काय होतं, असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. काउंटरवरच्या मुलाला उत्तर माहीत नसतं, त्याच्यावर चिडू नये. पण चार जणांनी विचारलं की तो मालकाला विचारतो.

हातमाग घ्यायचा असेल तर २००६ पासून केंद्र सरकारचं हातमाग चिन्ह आहे. खादीवर खादी चिन्ह बघावं. हातविणीची पैठणी उलटी करून पाहा, पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, कापलेले दोरे लोंबत नाहीत. कापडाविषयी शंका असेल तर कडेचा एक दोरा काडीनं पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो, आणि मग 'शुद्ध सुती'चं सोंग उघडं पडतं. हे दुकानात करू नका, घरी करा.

हे सगळं शोधत बसायला कुणाला वेळ आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मलाही नसतो. म्हणून मी वर्षाला चार कपडे घेते आणि ते दहा वर्षं वापरते. पूर्वी घरात हे शिकवावं लागत नव्हतं. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, कॉलर झिजली की शिंपी ती उलटून लावायचा, आईच्या नऊवारीची गोधडी व्हायची. उरलेलं बोहारणीला. अर्धा तास घासाघीस करून आई एका पातेल्यापायी तिला चार साड्या द्यायची, आणि त्या पुढे जुन्या बाजारात जाऊन पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढायच्या. आता आमच्या पेठेत रफू करणारा एकच उरला आहे. पँटचं भोक बुजवायचे तो साठ रुपये घेतो, आणि लोक त्याच्याशी भाव करतात.

भाचीनं त्या दुकानाला ईमेल पाठवून विचारलं की तुमचा बांबूचा धागा कुठल्या कारखान्यातला. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत', आणि सोबत दहा टक्के सवलतीचं कूपन. कुर्ता ती वापरते आहे. घेतलेला कपडा फेकण्यात काय अर्थ?

भावानं मात्र यंदा गावातल्या सेंद्रिय गटात दोन एकर घातली. पहिलं वर्ष, उतारा कमी आला, भाव नेहमीचाच मिळाला. भाची म्हणते, बाबा, तिसऱ्या वर्षीच्या कापसाचं सूत काढून घेऊ, विणून घेऊ, मला त्याचाच कुर्ता शिवायचा आहे. भाऊ म्हणतो, आधी तिसरं वर्ष तर येऊ दे.