ट्रॅक्टर घरचा, पाना कुणाचा?

(सापगाव, ता. शहापूर येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं, ‘तू ट्रॅक्टर कसा दुरुस्त केलास ते बोल.’ आधी वाटलं, त्यात काय बोलायचं? मग विचार केला, आपण मारहाणीवर बोलतो, रेशनवर बोलतो, मजुरीवर बोलतो. घरातल्या यंत्रावर कधी बोलत नाही. आणि कर्ज तर त्याच यंत्रापायी होतं. म्हणून उभी राहिले.

आमची शेती भाताची, भातसा नदीच्या काठची. ट्रॅक्टर जुना, पस्तीस हॉर्सपॉवरचा, माझ्या नवऱ्याने घेतलेला. त्याचे हप्ते फेडताना माझी कानातली गेली, दोन वर्षं मी वीटभट्टीवर गेले. पण त्याच्या सीटवर मी कधी बसले नाही. चालवायचा नवऱ्याने, तो गेल्यावर दिराने. मी डिझेलचे पैसे द्यायचे आणि बांधावर भाकरी न्यायची.

गेल्या पावसाळ्यात, आवणीच्या तोंडावर, ट्रॅक्टरची दोन दुखणी निघाली. चिखलणीला लावला की वीस मिनिटांत काटा लालवर जायचा. आणि स्टेअरिंगला इतका खेळ आला होता की पाव फेरा फिरवला तरी पुढची चाकं हलायची नाहीत. एक दिवस मुरबाड रस्त्याने येताना समोरून एसटी आली. दिराने स्टेअरिंग ओढलं, ट्रॅक्टर वळला तो उशिरा. थोडक्यात वाचलो. मडगार्डवर माझी मुलगी बसली होती. मडगार्डवर कुणाला बसू देऊ नये, हेही मी त्याच दिवशी शिकले.

मिस्त्री आला. माझ्याशी बोललाच नाही, दिराशी बोलला. ‘हेड उघडावं लागेल, तीस हजार धरून चला.’ मी विचारलं, ‘कशावरून?’ तर म्हणाला, ‘वहिनी, हे तुम्हाला नाही कळायचं.’ पैसे मात्र वहिनीनेच द्यायचे होते! घरात मोडायला आता मणीमंगळसूत्रच उरलं होतं.

त्या रात्री मी नवऱ्याच्या पेटीतून ट्रॅक्टरबरोबर मिळालेलं मराठी पुस्तक काढलं. मुलगी बारावीला आहे, तिने वाचलं, मी ऐकलं. सकाळी इंजिन गार असताना दोघी बसलो.

आधी रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना ते कधी उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी कमी होतं, ते भरलं. मग इंजिन चालू करून पाण्यात पाहिलं. हेडची गॅस्केट गेली असेल तर पाण्यात सारखे बुडबुडे येतात, किंवा डिपस्टिकवरचं तेल चहासारखं दुधाळ दिसतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मग इंजिन बंद करून जाळी पाहिली. मळणीचं तूस आणि चिखल बसून ती भिंतीसारखी बंद झाली होती. पंखा हवा पुढून आत ओढतो, म्हणून पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली तशी बाहेर जाते. दोन तास धुतली. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर इंचाहून जास्त आत जात होता. अर्धा इंच जावा. डायनॅमोचा बोल्ट सैल केला, डायनॅमो बाहेर ओढला, पुन्हा आवळला. खर्च शून्य.

स्टेअरिंग शोधायलाही दोघी लागतात. मुलगी वर बसून चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत होती. मी खाली एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. जिथे दांडा हलतो आणि पुढचा भाग मागून हलतो, तिथे झीज. टाय रॉडचा एका बाजूचा एंड पार खिळखिळा झालेला. नटात स्प्लिट पिन हवी, तिथे कुणीतरी तार पिळून ठेवली होती! एंड काढताना आटे मोजले, नवा तितकेच फेरे आवळला, म्हणजे चाकांची दिशा बिघडत नाही. पिन नवी घातली, निप्पलमधून ग्रीस मारलं. शहापूरहून आणलेल्या सामानाला हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत. आठवडाभर चिखलणी झाली, काटा मधेच राहिला.

सगळं घरी होतं असं मी म्हणत नाही. स्टेअरिंगचा बॉक्स झिजला, तेलात पाणी दिसलं, तर मिस्त्रीच लागतो. पण ‘हेड उघडतो’ म्हणाला तर आधी बुडबुडे दाखव म्हणायचं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कुणाला ओतू देऊ नका, हेडला तडा जातो.

आता कागदाचं. ट्रॅक्टर दुरुस्त केल्यावर मी आर. सी. पाहिली. नाव अजून नवऱ्याचं. गाडीचा मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं, असा नियम आहे. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता इतर वारसांच्या संमतीचे कागद जमवते आहे. २०२१ पासून आर. सी.वर वारस नेमून ठेवता येतो, तुम्ही आजच नेमा.

जमिनीचं आपण खूप बोललो आहोत. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासून आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं. तरी सातबारावर कितीजणींची नावं ‘इतर हक्कां’त पडून आहेत! आणि नाव लागलं तरी नांगरटीला दिराची वाट पाहायची असेल, तर शेत कधी नांगरायचं हे दीरच ठरवणार. नाव आणि पाना, दोन्ही आपल्या हातात हवेत.

दीर सुरुवातीला रागावला. ‘लोक काय म्हणतील?’ म्हणाला. आता तोच सकाळी विचारतो, ‘वहिनी, पट्टा बघितलात का?’ मुलगी लायसन्स काढणार आहे. मीही काढणार आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी आर. सी.ची आणि सातबाराची झेरॉक्स आणा. पाने मी आणते. आधी कागद वाचू, मग अंगणात ट्रॅक्टर उभा करून सगळ्याजणी जाळी धुऊ.