परदेशी व्यापार आणि घरचा उंबरठा



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या पट्ट्यातील कित्येक तरुण हल्ली परदेशी व्यापार थाटण्याच्या विचारात असतात. परवा माझा एक जुना विद्यार्थी असाच भेटीस आला. दुबईस मसाल्यांचे दुकान काढण्याचा त्याचा बेत होता. माल कोणता, गिऱ्हाईक कोण, हे सारे त्याने पक्के केले होते. मी विचारले, "अरे, धंदा बुडालाच, तर घेणेकरी कोणाच्या दारी येतील?" तो घुटमळला, कारण भांडवलासाठी वडिलांचे बदलापूरचे घर गहाण पडावयाचे होते.

या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या कायदेशीर स्वरूपात असते. एकट्याच्या नावावरील धंदा अथवा साधी भागीदारी यांत कर्जाची जबाबदारी मालकाच्या घरादारापर्यंत पोहोचते. येथील पेढीची परदेशी शाखा काढली, तरी शाखा म्हणजे मूळ पेढीच. तिचे देणे ते पेढीचे देणे. मर्यादित कंपनी मात्र कायद्याच्या दृष्टीने निराळी व्यक्ती होय. सालोमन नामक लंडनच्या चामड्याच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९६ साली हेच तत्त्व ठरविले. भागाची रक्कम भरली, की भागधारकाची जबाबदारी तेथे संपते.

याचा दाखला आमच्या अंबरनाथेसच आहे. १९२२ साली सरकारने परदेशी आगकाड्यांवर जबर जकात बसविली. तेव्हा स्वीडनच्या आगपेटी-कंपनीने १९२३ साली विम्को ही निराळी कंपनी या देशात स्थापिली व पुढे अंबरनाथेस तिचा कारखाना चालला. १९३२ साली त्या स्वीडिश साम्राज्याचे सूत्रधार ईवार क्रूगर यांनी पॅरिसमध्ये आत्महत्या केली व त्यांचा सारा डोलारा कोसळला. विम्को मात्र टिकली.

तथापि कंपनी म्हणजे अभेद्य चिलखत नव्हे. बँकेने व्यक्तिगत हमी लिहून घेतली, की ढाल गळून पडलीच. शिवाय देशागणिक नियम निराळे. सिंगापुरात निदान एक संचालक तेथील रहिवासी लागतो. संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी सामान्यतः ५१ टक्के भाग स्थानिकाचे असावे लागत; २०२१ पासून बहुतेक धंद्यांत परकीयास संपूर्ण मालकी ठेवता येते. येथून पैसा नेताना फेमा कायदा व २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. व्यक्तीस आर्थिक वर्षाकाठी अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे.

मी त्याला इतकेच म्हटले, "बाळ, कंपनी अवश्य काढ, परंतु घर गहाण टाकून मर्यादित कंपनी काढणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविणे होय. साठविले आहेस तेवढ्यावर लहान दुकान काढ." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वडिलांसह आला, आणि गहाणखताचा कच्चा मसुदा त्याने माझ्यासमोरच फाडला. दुकान आता वर्षभर उशिरा निघेल. परंतु म्हातारा निर्धास्त झोपेल.