मुलीचा पहिला स्पाइक्सचा जोड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बूट हा विषय घेऊन कोणी उभे राहील, अशी आपली अपेक्षा नसेल. परंतु आपल्या कार्यवाह बाईंनी मला निमंत्रण देतानाच सांगितले की, आळीतल्या मुली आता शाळेच्या शर्यतींतून तालुक्याला आणि जिल्ह्याला जाऊ लागल्या आहेत. सर सांगतात ‘स्पाइक्स आणा’, आणि दुकानात गेल्यावर काय मागावे हे आईला कळत नाही. साडीचा पोत बोटांनी पारखणाऱ्या आपण बायका, या एका दुकानात मात्र दुकानदार देईल ते घेऊन येतो. तसे होऊ नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. स्पाइक्स म्हणजे धावण्याचे हलके बूट. त्यांच्या तळाला, चवड्याच्या भागात, एक कडक पट्टी असते आणि तिच्यात लहान खिळे स्क्रूसारखे बसवलेले असतात. वेगाने धावताना माणूस चवड्यावर धावतो. खिळे जमिनीत रुततात, पाय मागे सरकत नाही आणि लावलेला जोर वाया जात नाही. टाचेखाली मात्र गादी जवळजवळ नसतेच. त्यामुळे हे बूट चालायला गैरसोयीचे आणि रोज घालायला तर मुळीच योग्य नाहीत.

बायकांच्या पायांत हे बूट आले त्याला आता शंभर वर्षे होत आली. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये मैदानी शर्यती स्त्रियांसाठी प्रथमच खुल्या झाल्या, आणि जर्मनीच्या लीना राडके यांनी ८०० मीटरची शर्यत जिंकली. त्यांच्या पायांत होते ते डासलर यांच्या कारखान्यातले खिळ्यांचे बूट. पण एवढे अंतर बायकांना झेपत नाही असा ओरडा झाला, आणि ती शर्यत पुढे १९६० पर्यंत स्त्रियांना बंद राहिली. आपल्याकडे मुंबईच्या मेरी डिसूझा १९५२ साली हेलसिंकीला १०० आणि २०० मीटर धावल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत थेट अंतिम फेरीत गेल्या. तेव्हा आपल्या मुली धावणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. त्यांच्या पायांत काय असावे, एवढाच प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी की, स्पाइक्स हा मुलीचा दुसरा जोड असावा, पहिला नव्हे. रोजच्या सरावासाठी टाचेला गादी असलेले साधे धावण्याचे बूट आधी हवेत. ते नसताना स्पाइक्स घेणे म्हणजे घरात धान्य नाही आणि विड्याची तयारी! मुलगी दोन-तीन महिने नियमाने मैदानावर जाते आहे, शर्यतीत उतरते आहे, असे दिसले की मग या जोडाचा विचार करावा. अगदी लहान मुलींना तर त्याची गरजच नसते.

दुसरी गोष्ट, शर्यत कोणती? १०० ते ४०० मीटरच्या धावपटूंच्या बुटांची पट्टी फार कडक असते आणि चवडा वर उचललेला असतो. लांब अंतराच्या बुटांचा तळ लवचीक असतो. मध्यम अंतराचे, म्हणजे ८०० व १५०० मीटरचे बूट या दोहोंच्या मध्ये असतात आणि त्यांच्या टाचेला थोडी गादी असते. उंच उडीच्या बुटाला टाचेखालीही खिळे असतात. आता आपली शाळकरी मुलगी सकाळी १०० मीटर धावते, दुपारी लांब उडी मारते आणि संध्याकाळी रिलेत उभी राहते. तिच्यासाठी तीन जोड कोण घेणार? तिने मध्यम अंतराचा एकच जोड घ्यावा. तो सगळीकडे चालतो आणि पोटऱ्यांना त्रासही कमी देतो. ‘सर्वांत वेगवान’ म्हणून दुकानदार पुढे करील तो कडक पट्टीचा बूट कोवळ्या पायाला जाचतो.

तिसरी गोष्ट जमिनीची. आपल्या बहुतेक शाळांची मैदाने मुरुमाची, फक्कीने रेषा आखलेली. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेला मात्र मुलगी पुण्याच्या बालेवाडीसारख्या रबरी, म्हणजे सिंथेटिक ट्रॅकवर जाते. तेथे खिळा ९ मिलिमीटरहून लांब चालत नाही. फक्त उंच उडी आणि भालाफेक यांना १२ मिलिमीटरपर्यंत सवलत आहे. एका बुटाला खिळे ११ पेक्षा अधिक नसावेत. कित्येक ट्रॅकवर तर ६ किंवा ७ मिलिमीटरचेच खिळे चालतात, आणि फाटकाशी तपासणी होते. म्हणून खिळे काढता-घालता येणारेच बूट घ्यावेत. पक्के ठोकलेले खिळे स्वस्त पडतात खरे, पण झिजले की अख्खा बूट फुकट, आणि फाटकाशी अडवले तर मुलीची सगळी मेहनत फुकट. टणक मुरुमावरही लांब खिळे रुतत नाहीत, उलट तळव्याला टोचत राहतात. ओल्या गवतावर किंवा भुसभुशीत मातीवर तेवढे १२ मिलिमीटरचे कामाला येतात. सिमेंटवर किंवा फरशीवर खिळ्यांनी कधीच चालू नये. पाय घसरतो आणि खिळे बोथटतात.

चौथी गोष्ट मापाची, आणि भगिनींनो, हीच सर्वांत महत्त्वाची. शाळेचा बूट आपण ‘वाढते अंग आहे’ म्हणून एक नंबर मोठा घेतो. स्पाइक्सच्या बाबतीत ही काटकसर अंगाशी येते. सैल बुटात टाच वर-खाली होते, फोड येतात, वळणावर पाय मुरगळतो. तशीच दुसरी चाल म्हणजे भावाचा जुना जोड पुढे कापूस कोंबून मुलीला देणे. असा जोड घालून धावलेली मुलगी शेवटी आली की आपण म्हणतो, हिच्यात दम नाही. दम तिच्यात असतो, पण तिच्या पायाचे माप घ्यायला कोणाला सवड झालेली नसते.

माप घरीच घ्यावे. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मुलीला कागदावर दोन्ही पायांवर उभे करावे, पेन्सिल सरळ धरून कड आखावी आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. दोन्ही पाय मोजावेत, ते बहुधा सारखे नसतात. मोठा असेल तो धरावा. चवड्याची रुंदीही लिहून ठेवावी. दुकानात नंबर न सांगता हा कागदच पुढे करावा, कारण इंग्लंडचा नंबर वेगळा, अमेरिकेचा वेगळा, आणि त्यातही बायकांचा वेगळा. इंग्लंडच्या मापात एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. बूट पायात घातल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, पण दुमडू नयेत. टाच घट्ट बसावी. शर्यतीत घालायचा पातळ मोजा घालूनच बूट पाहावा.

माप चुकले तर काय होते याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. बंगालच्या जलपाईगुडीकडील स्वप्ना बर्मन यांच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे. बाजारातला कोणताही बूट त्यांना दाबायचा. ते दुखणे सोसत त्यांनी २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये ६०२६ गुणांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या पायाच्या मापाचे बूट बनवून मिळाले ते त्यानंतर. आपल्या मुलींच्या पायांना पाच-पाचच बोटे आहेत. त्यांना तरी बूट पदकाच्या आधी मिळायला हरकत नाही.

आता पैशांचे. भारतीय बनावटीचे साधे स्पाइक्स आज साधारण एक ते अडीच हजार रुपयांत येतात. परदेशी नावाचा नवशिक्यांचा जोड त्याच्या दुपटी-तिपटीत जातो, आणि कार्बनच्या पट्टीचे बूट त्याच्याही कितीतरी पुढे. पहिल्या जोडाला साधा भारतीय बूट पुरेसा आहे. मुलीचा पाय वाढतो आहे, तो जोड फार तर एक-दोन हंगाम टिकेल. पैसे नावाला द्यायचे नाहीत, तर चार गोष्टी पाहून द्यायचे: पट्टी तळाला नीट चिकटलेली आहे का, खिळे किल्लीने सहज फिरतात का, टाचेचा भाग ताठ आहे का, आणि सुटे खिळे व किल्ली सोबत मिळते का. मागच्या वर्षीचा नमुना उतरत्या किमतीत मिळाला तर खुशाल घ्यावा. वापरलेला जोडही चालतो. फक्त खिळ्यांच्या भोकांतले आटे झिजलेले नसावेत आणि पट्टीला तडा नसावा.

जोड आणल्यावर पहिल्याच दिवशी शर्यत धावू नये. टाच खाली गेल्यामुळे पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणते. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, गवतावर किंवा मऊ मातीवर, पन्नास-साठ मीटरच्या चार-पाच धावाच पुरेत. पाय मोकळे करणे आणि शर्यतीनंतरचे चालणे साध्या बुटांत करावे. बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत, चुलीजवळ किंवा उन्हात नव्हे. महिन्यातून एकदा खिळे काढून आट्यांना थोडे व्हॅसलीन लावावे, म्हणजे गंजून अडकत नाहीत. आणि खिळ्याने कोणाला खोल जखम झालीच, तर ती धुऊन डॉक्टरांकडून धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारून घ्यावे.

शेवटी एक सूचना मांडते. आपल्या मंडळाची मोठी पातेली आणि ताटे आहेत. कोणाकडे कार्य निघाले की ती वहीत नोंद करून नेली जातात आणि घासूनपुसून परत येतात. एकट्या घराला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यावे, हे आपण या पातेल्यांवरून शिकलो आहोत. तशीच एक स्पाइक्सची पेटी मंडळाने का ठेवू नये? तीन ते सहा नंबरांचे एक-एक, म्हणजे चार जोड. बरोबर सहा आणि नऊ मिलिमीटरचे सुटे खिळे, एक किल्ली आणि एक वही. ज्या मुलीला जोड आखूड होईल तिने तो पेटीत टाकावा आणि पुढचा घेऊन जावा. मोजे मात्र प्रत्येकीचे स्वतःचे! अर्धे नंबर या पेटीत नाहीत, त्यामुळे प्रत्येकीला जोड अगदी नेमका बसेल असे मी म्हणत नाही. पण कापूस कोंबलेल्या बुटापेक्षा तो नक्कीच बरा बसेल. आणि जिच्या घरी बुटाचे नाव काढायचीही सोय नाही, तिला कोणापुढे हात न पसरता, वहीत सही करून शर्यतीला जाता येईल.

ही सूचना आपण कार्यकारिणीपुढे ठेवावी आणि तोवर आज घरी जाऊन आपापल्या मुलीचे पाऊल कागदावर आखून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.