पावसाळ्यापूर्वीची आणखी एक बेगमी



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. घरच्या संगणकातील मजकुराची दुसरी प्रत कशी ठेवावी, हा विषय त्यांच्या पंक्तीत बसवताना आम्हांस थोडा संकोच वाटला. परंतु दिवस कोणते आहेत ते पाहा. वैशाख चालू आहे. आपल्या रत्नागिरीच्या पट्ट्यात घरोघरी आगोटीची तयारी सुरू झाली आहे. कौले चाळून घेतली जात आहेत. लाकूडफाटा पडवीत येत आहे. आमसुले, पापड, सुकी मासळी डब्यांत जात आहे. पाऊस येणार हे ठाऊक असल्यामुळे ही बेगमी आपण कोणाच्या सांगण्यावाचून करतो. त्या यादीत आज आणखी एक बाब घालावी, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम त्या यंत्रात आपण काय काय ठेवले आहे ते मोजू. पूर्वी लग्नाचे फोटो आल्बममध्ये असत आणि आल्बम ट्रंकेत असे. हिशेबाच्या वह्या फडताळात असत. आता मुलांच्या जन्मापासूनचे फोटो, थोरल्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रण, घरच्या वाटणीपत्राची उतरवून घेतलेली प्रत, विम्याचे व बँकेचे कागद, सारे एका संगणकात किंवा खिशातल्या फोनमध्ये आहे. ज्यांचा आंब्याचा छोटा व्यवसाय आहे, त्यांच्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि कोणाकडून किती पेट्यांचे येणे आहे ते तेथेच आहे. एखाद्या घरात आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या कोणीतरी हौसेने फोनवर टिपून ठेवलेल्या असतात. आजी गेली की त्या ओव्यांना दुसरे ठिकाण उरत नाही.

हा ठेवा जातो कसा? वाटा मुख्यतः चार आहेत. पहिली, यंत्राची झीज. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून वाचणारे टोक सरकत असते. फिरणारे यंत्र आज ना उद्या थांबणारच. दुसरी वाट निसर्गाची. आपल्याकडे वळवाच्या विजा आहेत, खारा वारा आहे, चार महिन्यांचा दमटपणा आहे. तिसरी, चोरी आणि संगणकाचे विषाणू. चौथी वाट आपल्याच हाताची: जागा करण्यासाठी म्हणून पुसून टाकलेले काही दुसरेच निघते.

या जिल्ह्याला निसर्गाच्या वाटेविषयी निराळे सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील छपरे उडवली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पुराने चिपळूण बुडाले. बाजारपेठेतील दुकाने आणि तळमजल्यांवरील घरे पाण्याखाली गेली. त्याच शहरात १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. २००५ च्या पुराचा तडाखा सोसलेल्या या वाचनालयात २०२१ साली पुन्हा पाणी शिरले आणि ग्रंथ भिजले. छापील ग्रंथाची दुसरी प्रत निदान दुसऱ्या गावच्या वाचनालयात मिळण्याचा संभव असतो. घरच्या फोटोची दुसरी प्रत कोणत्या वाचनालयात मिळणार?

चिपळूणच्या पुरातून घेण्याचा धडा अगदी साधा आहे. टेबलावर संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात त्याची प्रत, अशी व्यवस्था असेल तर पाणी दोहोंना एकदमच गाठते. एकाच छपराखालच्या दोन प्रती संकटाच्या हिशेबी एकच होत.

हे शहाणपण आपल्या परंपरेला नवे नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, असे परंपरा सांगते. श्रद्धाळू माणूस त्यात दैवी कृपा पाहील. परंतु त्या अभंगांना अनेक कंठांत आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी उतरून घेतलेल्या वह्यांत घर मिळाले होते, हेही तितकेच खरे. दुसरे उदाहरण एकनाथ महाराजांचे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठांत अशुद्धे शिरली. नाथांनी शके १५०६ मध्ये प्रती मिळवून, पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. म्हणजे प्रती अनेक असाव्यात, त्या निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात आणि त्या पडताळून पाहाव्यात. प्रतींचे सारे शास्त्र या तीन वाक्यांत आले.

आजच्या काळात हाच नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तीन आकड्यांत प्रसिद्ध केला: तीन, दोन, एक. प्रती तीन असाव्यात, मूळ धरून. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी.

येथे आपण म्हणाल, नियम ठीक आहे, पण पैसा कोठून आणावयाचा? म्हणून खर्चाकडे वळू. काटकसरीची पहिली पायरी खरेदी ही नसून निवड ही आहे. सारेच जपावयाचे नाही. ज्याची प्रत सरकारदरबारी पुन्हा मिळते, त्यावर आपले पैसे घालू नयेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरून अल्प शुल्कात केव्हाही काढता येतो. आधार, वाहन चालवण्याचा परवाना यांसारखे कागद २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये विनामूल्य पाहता येतात. बाजारात मिळणारे चित्रपट आणि गाणी तर मुळीच जपू नयेत. सकाळी येणाऱ्या 'सुप्रभात'च्या चित्रांना आणि एकाच सूर्यास्ताच्या चाळीस फोटोंना खुशाल निरोप द्यावा. जे पुन्हा कोठेही मिळणार नाही तेवढे एका फोल्डरमध्ये आणावे. त्याला 'घरचा ठेवा' असे नाव द्यावे. पुष्कळ घरांत हा ठेवा वाटतो त्यापेक्षा फार लहान निघतो, आणि ठेवा लहान झाला की खर्चही लहान होतो.

आता साधने पाहू. अगदी बिनखर्ची साधन म्हणजे इंटरनेटवरील साठवण, जिला लोक क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. दुसऱ्या गावच्या कोठारात आपण भाड्याने घेतलेली एक कणगी होय. गूगलच्या खात्याबरोबर १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ती जागा पत्रे, फाइली आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून आहे. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही तीत मोजले जातात. कागदपत्रे, हिशेब आणि निवडक फोटो यांना ती पुष्कळ घरी पुरते. मात्र दोन वर्षे वापर नसलेले खाते काढून टाकण्याचा नियम तेथे आहे, म्हणून अधूनमधून ते उघडीत जावे.

सुमारे हजार रुपयांत दोन बऱ्या दर्जाचे पेनड्राइव्ह येतात. ते ने-आण करण्यास चांगले. पण वर्षानुवर्षे खणात पडून राहिलेल्या पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नये, कारण त्यातील मजकूर विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने असतो आणि तो भार हळूहळू गळत जातो. घरात बंद पडलेला लॅपटॉप असेल तर तो रद्दीत देण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याकडून त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी. ती चालू असेल तर काहीशे रुपयांच्या केसिंगमध्ये बसवून वापरता येते. जुनी असल्यामुळे तिला एकमेव प्रत करू नये. तिसरी प्रत म्हणून ती उत्तम. नवी एक टेराबाइटची बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क काही हजारांत येते. एका घराला ती जड वाटत असेल, तर दोघा भावांनी मिळून घ्यावी आणि तीत दोन फोल्डर करावेत. वाटणीत वाद झाले असले तरी निदान आईवडिलांच्या फोटोंत दोघांचा समाईक हक्क असतो!

आता त्या 'एक'कडे, म्हणजे घराबाहेरच्या प्रतीकडे येऊ. ज्यांचे इंटरनेट मंद आहे त्यांना सगळे चित्रण क्लाउडवर चढवणे जमत नाही. अशा घरांसाठी कोकणाजवळ एक पिढीजात सोय आहे, ती म्हणजे मुंबईचे चाकरमानी. आपल्यापैकी क्वचितच कोणाचे घर असे असेल की ज्याचा भाऊ, लेक किंवा पुतण्या मुंबई-ठाण्याकडे नाही. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात मुलांना घेऊन येतो. डिस्क किंवा पेनड्राइव्ह दोन ठेवावेत, एक येथे आणि एक त्याच्याकडे. येताना त्याने आपल्याकडचा आणावा, जाताना येथला ताजा भरलेला न्यावा. वर्षातून तीन वेळा आपसूक अदलाबदल होते, आणि तिला वेगळे भाडे पडत नाही. त्याच्या घरचा ठेवाही आपल्या फडताळात राहतो. वाशिष्ठीचे पाणी आणि मुंबईचे पाणी एकाच वेळी चढले तरी दोन्ही घरे एकदम बुडण्याचा संभव फार थोडा. प्रवासात डिस्क हरवू शकते, म्हणून बँकेचे कागद सेव्हन-झिपसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनाने पासवर्ड घालून बंद करावेत.

तीन गोष्टींविषयी मात्र सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली ही की, फोन आणि क्लाउड यांचे जुळवून ठेवणे, ज्याला सिंक म्हणतात, ते प्रत ठेवण्याहून निराळे आहे. आरशापुढचा माणूस हलला की प्रतिबिंबही हलते. तसे येथे पुसले की तेथेही पुसले जाते. काही दिवस ते कचरापेटीत राहते खरे, पण आपल्या लक्षात येईपर्यंत ती मुदत संपलेली असू शकते.

दुसरी ही की, काम होताच डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. १२ मे २०१७ पासून वॉनाक्राय नावाच्या विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांत शिरून फाइलींना कुलूप लावले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयेही त्यातून सुटली नाहीत. अशा विषाणूच्या हाती संगणकाला जोडलेली डिस्कही सापडते. खणात ठेवलेली डिस्क त्याला सापडत नाही. विजेचेही तसेच आहे.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. प्रत उघडून पाहिल्यावाचून तिला प्रत म्हणू नये. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता चुकीच्या एका आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. प्रती घेण्याची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नव्हती, हे प्रत्यक्ष गरज पडल्यावर कळले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. एवढ्या धनाढ्य संस्थेला अखेर उपयोगी पडले ते घराबाहेरच्या प्रतीचेच तत्त्व. तेव्हा अदलाबदलीच्या दिवशी डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून दहा फाइली उघडाव्यात. फोटो दिसला, आवाज ऐकू आला, हिशेब उघडला, म्हणजे नाथांनी घालून दिलेली पडताळणी आपल्या घरापुरती झाली.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. पुष्कळ घरांत हे सारे एकाच माणसाला माहीत असते. पासवर्ड त्याच्या डोक्यात, डिस्क त्याच्या कपाटात. तो माणूस आजारी पडला किंवा गेला, की घरच्यांपुढे यंत्र धडधाकट असते पण दार बंद असते. म्हणून पासवर्ड एका वहीत लिहून ती दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवावी, आणि घरातील दोघांना, त्यांपैकी एक गृहिणी असावी, तिची जागा ठाऊक असावी. वर्षांचे सण, वाण आणि आजारपणाची औषधे ज्या लक्षात ठेवतात, त्यांना प्रत घेण्याचे वेळापत्रक लक्षात ठेवणे मुळीच कठीण नाही. सोळा वर्षांच्या नातवाला डिस्क जोडावयास सांगावे आणि कोणते फोटो जपावयाचे ते आजीने सांगावे. त्या निमित्ताने त्याला चार पिढ्यांची नावेही कळतील.

जगात ३१ मार्च हा दिवस २०११ पासून प्रती घेण्याचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच हिशेबाचे वर्ष संपण्याचा दिवस. तो यंदा टळून गेला असला तरी मृग अजून लागलेला नाही. येत्या रविवारी दोन तास काढून 'घरचा ठेवा' वेगळा करावा, त्याची एक प्रत डिस्कवर घ्यावी, आणि मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांबरोबर दुसरी मुंबईला पाठवावी. आंब्याची पेटी जाणारच आहे. तिच्याबरोबर मूठभर वजन आणखी गेले तर गाडीला जड होणार नाही.