उत्तर न सांगणारे शिक्षक

'ट्यूटर' हा शब्द कानीं पडला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें शिकवणीचे मास्तर उभे राहतात. संध्याकाळीं ठरल्या वेळीं यावें, चिरंजीवांकडून गणितें करून घ्यावीं, अडलें तेथें स्वतःच सोडवून द्यावीं, आंतून आलेला चहा घ्यावा आणि महिना भरला कीं पाकीट घेऊन जावें, असा त्यांचा व्यवसाय. शाळेंत जें समजलें नाहीं तें समजावून सांगणें आणि परीक्षेंत जें येण्याजोगें असेल तें घोटून घेणें, या दोन गोष्टींसाठीं आपण त्यांना पैसे देतों. आज ज्या ट्यूटरांविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, त्यांची गंमत अशी कीं, या दोहोंपैकीं एकही गोष्ट ते करीत नाहींत. निदान करूं नये, असा त्यांच्या संस्थेचा दंडक आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, सँटा पॉला या लहानशा गांवाजवळ, डोंगरांच्या कुशींत टॉमस अक्वायनस कॉलेज नांवाचें एक कॅथॉलिक महाविद्यालय आहे. ज्याचें नांव त्यानें धारण केलें तो साधु व तत्त्वज्ञ इ. स. १२७४ मध्यें वारला. कॉलेज मात्र अगदीं अलीकडचें. त्याच्या ध्येयधोरणाचा प्रबंध १९६९ सालीं लिहिला गेला, कॉलेज १९७१ सालीं कॅलाबॅसस येथें निघालें आणि १९७८ सालीं सध्यांच्या जागीं आलें. तेथें विद्यार्थी चारशेंच्या आंतबाहेर. २०१९ पासून मॅसॅच्युसेट्समध्यें नॉर्थफील्ड येथें त्याची दुसरी शाखाही चालूं आहे.

या कॉलेजांत ऐच्छिक विषय नाहींत. एकच अभ्यासक्रम सर्वांना चार वर्षें. क्रमिक पुस्तकेंही नाहींत. भूमिति शिकावयाची ती यूक्लिडच्या ग्रंथांतून, ज्योतिष टॉलेमी, कोपर्निकस व केप्लर यांच्याकडून, गतिशास्त्र न्यूटनकडून. आणि सापेक्षतेचा विचार शेवटच्या वर्षीं खुद्द आइन्स्टाइनच्या लेखांवरून. जोडीला लॅटिन भाषा, तत्त्वज्ञान, बायबल, ऑगस्टीन आणि अर्थात् अक्वायनस. प्रोफेसर, रीडर, लेक्चरर अशी उतरंड तेथें नाहीं. विषयवार खातीं नाहींत. शिकविणारे सगळे ट्यूटर. अध्यक्षपदावर बसलेला गृहस्थही मूळचा ट्यूटरच. वर्ग पंधरावीस जणांचा. मध्यें एक मोठें टेबल, भोंवतीं सारे बसलेले, आणि त्यांतल्याच एका खुर्चीवर ट्यूटर. व्यासपीठ नाहीं आणि व्याख्यानही नाहीं. एकमेकांस हांक मारावयाची ती 'मिस्टर अमुक', 'मिस अमुक' अशी. ट्यूटर पदव्यांनीं कितीही मोठा असला तरी वर्गांत त्याला कोणी 'डॉक्टर' म्हणत नाहीं.

आतां हा ट्यूटर करतो तरी काय? एक उदाहरण कल्पून पाहूं.

पहिल्या वर्षाचा वर्ग. यूक्लिडच्या पहिल्या पुस्तकांतला पहिलाच सिद्धांत. एक रेषा दिली असतां तिच्यावर समभुज त्रिकोण काढावयाचा. आपण सर्वांनीं हा शाळेंत केलेला आहे. एक विद्यार्थिनी फळ्याशीं जाते, रेषेच्या एका टोकावर मध्य धरून वर्तुळ काढते, दुसऱ्या टोकावर मध्य धरून दुसरें काढतें, दोन्ही वर्तुळें जेथें छेदतात तो बिंदु दोन्ही टोकांस जोडते आणि तिन्ही बाजू सारख्या कां, तें सांगून जागेवर येते. सारें यथासांग झालें. इतक्यांत कोपऱ्यांतला एखादा मुलगा विचारतो, "पण हीं वर्तुळें एकमेकांना छेदतातच, हें कशावरून?" ती म्हणते, "दिसतेंच आहे कीं!" तो म्हणतो, "दिसणें हा पुरावा धरावयाचा असेल, तर त्रिकोण समभुज आहे हेंही दिसतच होतें. मग सिद्ध कशाला केलें?"

श्रोतेहो, त्या मुलाचा प्रश्न बिनतोड आहे. यूक्लिडनें आरंभीं जीं पांच तत्त्वें गृहीत धरलीं आहेत, त्यांपैकीं एकाहीवरून वर्तुळें छेदतात हें निघत नाहीं. हा दोष गणितज्ञांनीं ओळखला, आणि १८९९ सालीं जर्मन गणिती हिल्बर्ट यानें भूमितीचा पाया नव्यानें रचून अशा उणिवा भरून काढल्या. आपल्याकडील एखादा विद्वान् प्राध्यापक असता तर ही सारी हकीकत त्यानें दोन मिनिटांत सांगून टाकली असती. मुलांनीं वहींत 'हिल्बर्ट, १८९९' असें लिहून घेतलें असतें, आणि तो प्रश्न तेथेंच मेला असता.

ट्यूटर हें सांगत नाहीं. फार तर तो एवढेंच विचारील, "आपण गृहीत धरलेल्या तत्त्वांपैकीं कोणतें येथें उपयोगी पडेल?" मुलें मागें वळतात, एकेक तत्त्व तपासतात. कोणी म्हणतो, वर्तुळ म्हणजे अखंड रेषा, तिला ओलांडल्यावांचून आंतून बाहेर जातां येणार नाहीं. दुसरा विचारतो, 'अखंड' म्हणजे काय, हें यूक्लिडनें कोठें सांगितलें आहे? अर्धा तास जातो. कदाचित् निकाल न लागतांच घंटा होते. परंतु हिल्बर्टचें नांवही न ऐकतां त्या मुलांनीं ज्या ठिकाणीं बोट ठेवलेलें असतें, तें ठिकाण बरोबर तेंच असतें.

न सांगणें हा आळस नव्हे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें. सांगणाऱ्याला विषय आला म्हणजे पुरतें. न सांगणाऱ्याला विषय तर यावा लागतोच, शिवाय समोरच्या पंधरावीस डोक्यांपैकीं कोणतें कोठें अडलें आहे हेंही कळावें लागतें, आणि जिभेच्या टोकावर आलेलें उत्तर गिळण्याचा संयम लागतो. विद्वानांच्या अंगीं हा शेवटला गुण किती दुर्मिळ, हें आपण सभासंमेलनांतून पाहतोंच.

या पद्धतीचें तात्त्विक समर्थन खुद्द अक्वायनसनेंच करून ठेवलें आहे. त्यानें शिक्षकाची तुलना वैद्याशीं केली आहे. रोग बरा करतो तो शरीराचा अंगभूत स्वभाव. वैद्य बाहेरून साहाय्य करतो, जोर पुरवितो. तसेंच ज्ञान उपजतें तें शिकणाऱ्याच्या स्वतःच्या बुद्धींत, शिक्षक त्या बुद्धीला टेंकू देतो. आपल्या आयुर्वेदाच्या अभिमान्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. परंतु वैद्याच्या बाबतींत जें आपण सहज मान्य करतों, तें मास्तरांच्या बाबतींत मान्य करावयास आपल्या जिवावर येतें.

ट्यूटराचें दुसरें काम मला अधिक नाजूक वाटतें. चर्चा म्हटली कीं तिला तीन वाटा फुटतात, आणि आपल्या न्यायशास्त्रकारांनीं त्या फार पूर्वीं दाखवून ठेवल्या आहेत. तत्त्व कळावें म्हणून जो चालतो तो वाद, जिंकावें म्हणून जो चालतो तो जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां केवळ दुसऱ्याचें खोडावें ती वितंडा. वाद कोणाशीं करावा, तर गुरु, शिष्य, सहाध्यायी आणि मत्सररहित अशा श्रेयार्थी माणसांशीं, असेंही त्यांनीं सांगितलें. अठराएकोणीस वर्षांचीं तरुण मुलें एका टेबलाभोंवतीं बसविलीं कीं वादाचा जल्प होण्यास किती वेळ लागतो, हें सांगावयास नको. ज्याची जीभ तिखट तो बोलत राहतो, जी मुलगी खरोखर विचार करीत असते ती गप्प बसते. बोलक्याला न दुखवतां थांबविणें आणि अबोल्याला न बुजवतां बोलतें करणें, हें काम दररोज, प्रत्येक तासाला, ट्यूटराच्याच गळ्यांत असतें.

ही कल्पना या कॉलेजाची स्वतःचीच आहे असें मात्र नव्हे. मेरीलँडमधील ॲनापोलिस येथें सेंट जॉन्स कॉलेजानें १९३७ सालीं मूळ ग्रंथांवरचा असा अभ्यासक्रम सुरूं केला. तें कॉलेज धार्मिक नव्हे, पण शिक्षकांना ट्यूटर म्हणण्याची रीत तेथेंही आहे. आणि तो शब्द घेतलेला आहे ऑक्सफर्डचा. ट्यूटरानें मुलांकडून केवळ ग्रंथ वाचून घ्यावेत कीं त्यांच्या वृत्तीचीही जबाबदारी उचलावी, यावर ऑक्सफर्डमध्यें एक प्रसिद्ध तंटा झाला. न्यूमन हा १८२६ सालीं ओरिएल कॉलेजांत ट्यूटर झाला. ट्यूटरपण हें धर्मोपदेशकाच्या कर्तव्यासारखेंच पवित्र आहे, मुलांशीं आपला निकट संबंध असलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह. कॉलेजाचे मुख्य हॉकिन्स यांना तें मानवलें नाहीं. त्यांनीं न्यूमनकडे नवे विद्यार्थी पाठविणेंच बंद केलें, आणि जुने बाहेर पडत गेले तसतसें त्याचें शिकविणें आपोआप आटलें. याच हॉकिन्सना मुख्य निवडण्यांत न्यूमनचाही हात होता, हा दैवाचा विनोद! तेव्हां न्यूमन प्रॉटेस्टंट पंथांतच होता. १८४५ सालीं तो कॅथॉलिक झाला, पुढें कार्डिनल झाला आणि २०१९ सालीं त्याची संतांत गणना झाली.

आतां आपल्यापैकीं चोखंदळ श्रोत्यांच्या मनांत एक शंका आलीच असेल. जें कॉलेज उघडउघड कॅथॉलिक आहे, जेथील कॅथॉलिक ट्यूटर श्रद्धेची व निष्ठेची शपथ घेतात, तेथें प्रश्न मोकळा कसा असणार? उत्तर आधींच ठरलेलें, मग विचारण्याचें सोंग कशाला?

ही शंका मला हलकी वाटत नाहीं. तिच्या उत्तरादाखल कोणी अक्वायनसच्या ग्रंथाची रचना दाखवील. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभीं तो प्रतिपक्षाचे मुद्दे मांडतो, आणि तेही दुबळे करून नव्हे. मग स्वतःचें मत सांगतो आणि शेवटीं एकेका मुद्द्याला उत्तर देतो. आपल्या भाष्यकारांच्या पूर्वपक्ष-सिद्धांताच्या पद्धतीशीं परिचित असलेल्यांना ही रचना घरचीच वाटेल. शेवटच्या वर्षीं त्या कॉलेजांत मार्क्स वाचतात, नीत्शे वाचतात, फ्रॉइडही वाचतात. आणि तेही खंडनाच्या पुस्तकांतून नव्हे, मुळांतून. हें सारें खरें. तरीही अडचण उरते. टेबलाभोंवतीं बसलेलीं बहुतेक मुलें एकाच श्रद्धेचीं असलीं, तर नीत्शेचा पक्ष मनापासून घेणार कोण? पूर्वपक्ष कागदावर कितीही भक्कम असला तरी तो जिवंत मनुष्याच्या तोंडून आला नाहीं, तर त्याचें दडपण येत नाहीं. अशा वेळीं तें काम ट्यूटरानेंच केलें पाहिजे. ज्या मतावर त्याचा स्वतःचा विश्वास नाहीं, तें मत मुलें घाईनें निकालांत काढूं लागलीं कीं त्यानें आडवें पडलें पाहिजे. श्रद्धाहीन शिक्षकाला हें सोपें जाईल. ज्यानें शपथ घेतली आहे त्याला हें करावें लागतें, आणि तेथेंच त्याच्या प्रामाणिकपणाची पारख होते. कांहीं ट्यूटर ती उतरत असतील, कांहीं उतरत नसतील. नियमांत लिहून ही गोष्ट साधत नाहीं.

या पेशाची किंमतही जबर आहे. ट्यूटराला सारा अभ्यासक्रम शिकवितां आला पाहिजे, अशी अपेक्षा असते. तत्त्वज्ञानांत पदवी मिळविलेल्या मनुष्याला एखाद्या वर्षीं न्यूटन घेऊन बसावें लागतें, गणित्याला लॅटिन व्याकरण. रात्रीं दिवा लावून विद्यार्थ्यांच्या चार पानें पुढें राहावें, असा तो संसार. विशेषज्ञ म्हणून नांव मिळविण्याची वाट जवळजवळ बंदच. अशा शिक्षकाकडून अर्धवट ज्ञान मिळेल, असा आक्षेप येतो, आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. एखाद्या ठिकाणीं तज्ज्ञाचें एक वाक्य तासाभराचें चांचपडणें वांचवितें. शल्यवैद्य किंवा पूल बांधणारा इंजिनिअर या रीतीनें तयार करावा, असें मीही म्हणणार नाहीं. परंतु ज्याला न्यूटन स्वतःलाच झगडून वाचावा लागला, त्याला मुलें कोठें ठेंचाळतील हें तज्ज्ञापेक्षां लवकर कळतें. तज्ज्ञ त्या ठेंचा केव्हांच विसरलेला असतो. आणि मुलांच्या दृष्टीनें पाहिलें तर, पन्नाशीचा मनुष्य आपल्याबरोबर एखाद्या पानाशीं कुस्ती खेळतो आहे, हें दृश्य त्यांना इतर महाविद्यालयांत क्वचितच दिसेल.

जातां जातां त्यांच्याकडील एका प्रथेविषयीं सांगतों. तिला 'डॉन रॅग' असें विचित्र नांव आहे. 'डॉन' म्हणजे ऑक्सफर्डचा अध्यापक, 'रॅग' म्हणजे खरडपट्टी. ही प्रथाही सेंट जॉन्समध्यें आहे. विद्यार्थ्याला एका खोलींत बोलावतात. त्याचे सर्व ट्यूटर समोर बसलेले असतात. ते एकमेकांशीं त्याच्याविषयीं बोलतात आणि तो ऐकत असतो. 'मिस्टर अमुक भूमितींत नेटके आहेत, पण दुसऱ्याचें बोलणें संपूं देत नाहींत,' असें एक म्हणतो. 'लॅटिनमध्यें मात्र तोंड उघडीत नाहींत,' असें दुसरा. सर्वांचें सांगून झालें कीं विद्यार्थ्याकडे वळून त्याला विचारतात, यावर आपल्याला काय म्हणावयाचें आहे? आपल्याकडेही मास्तर आणि वडील मुलाविषयीं असेंच बोलतात, पण तें दिवाणखान्यांत, दार लोटून घेऊन; आणि चिरंजीव दाराआड कान देऊन उभे असतात.