पावसाळ्यात रंधा नको

श्रोतेहो, आषाढ लागला की दार चौकटीत अडतं, टेबलाचा खण निम्म्यावर रुसतो. हौशी सुतार लगेच रंधा हाती घेतो. माझी विनंती, जरा थांबा.

लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. आज तासलेलं दार उन्हाळ्यात आक्रसेल आणि फट पडेल. तासून काढलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, नुसतं उतरलेलं असतं. खणाच्या कडांना मेणबत्ती घासा. दिवाळीनंतर, लाकूड सुकलं की दाराच्या वरच्या-खालच्या कडांना रंग द्या. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, ओल तिथून लवकर शिरते. एवढं करूनही पुढच्या पावसात अडलं, तर अडतं तेवढंच हलक्या हाताने तासा.

नवं काही बनवताना मात्र फुगण्याला जागा आधीच ठेवा. जाणते सुतार दाराच्या चौकटीतली मधली फळी खाचेत सैल बसवतात, तिला सरस लावत नाहीत, ते याचसाठी. झाड तोडून वर्षं लोटली, तरी लाकडाला पाऊस कळतो.